इंडिया गेट : कमानीवर नेमकी कोणाची नावं आहेत, आणि आपल्या माणसाचं नाव शोधायचं कसं?

माणदेशी

दिल्ली बघून आलेल्या कुणालाही विचारा, इंडिया गेटवर कोणाची नावं कोरली आहेत? कोणी सांगतं पहिल्या महायुद्धात गेलेले सगळे सत्तर हजार जवान, कोणी सांगतं स्वातंत्र्यसैनिक, कोणी १९७१ चे शहीद. तिन्ही उत्तरं चूक आहेत. खरं उत्तर आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कित्येक घरांशी जोडलेलं आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडक्यात इतिहास. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळण्यासाठी ब्रिटिशांनी इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन केलं होतं, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. इंडिया गेट हे त्याच कामाचा भाग. पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते झाली आणि १२ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विननं उद्घाटन केलं. आराखडा एडविन लुटियन्सचा. लंडनमधलं सेनोटाफ हे युद्धस्मारकही त्याचंच. उंची ४२ मीटर, दगड भरतपूरचा. कमानीवर क्रूस, ओम, चंद्रकोर असं कुठलंही धर्मचिन्ह नाही, आणि ते मुद्दामच टाळलेलं आहे. ज्यांच्यासाठी ती उभी केली त्यांच्यात हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती सगळेच होते.

आता नावं. माथ्यावर मोठ्या रोमन अक्षरांत 'इंडिया', एका बाजूला १९१४, दुसऱ्या बाजूला १९१९, तेही रोमन आकड्यांत. त्याखालच्या लेखात फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली अशी युद्धभूमींची यादी आहे. म्हणजे कमान सगळ्यांसाठी आहे. १९१४ ते १९२१ या काळात गेलेल्या ७० हजारांहून अधिक जणांसाठी. पण त्याच लेखाचा दुसरा भाग लोक वाचत नाहीत. त्यात म्हटलंय की ज्यांची नावं इथे नोंदली आहेत ते भारतात, वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेले. दगडावर नावं आहेत ती मुख्यतः या लोकांची, १३ हजारांहून थोडी जास्त. खैबर, वझिरिस्तान, क्वेट्टा अशा भागांत मेलेले, ज्यांच्या कबरींची देखभाल करणं कमिशनला शक्य नव्हतं किंवा ज्यांना कबरच नव्हती. त्यांत ब्रिटिश अधिकारी आणि शिपाईसुद्धा आहेत.

मग बाकीचे कुठे? जिथे पडले तिथल्या स्मारकांवर. फ्रान्समध्ये गेलेल्यांची नावं नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर, गॅलिपोलीतल्यांची हेलेसच्या स्मारकावर. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्यांसाठी सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट तौफिकला स्मारक होतं. अरब-इस्रायल युद्धांत ते उद्ध्वस्त झालं आणि १९८० मध्ये कैरोजवळ हेलिओपोलिसला नवं केलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेले बसरा स्मारकावर.

आपल्याकडचे सर्वाधिक लोक या शेवटच्या, मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होते. ज्या डिव्हिजननं मेसोपोटेमियात सुरुवातीची लढाई अंगावर घेतली तिचं नावच सहावी, म्हणजे 'पूना' डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ कूत-अल-अमारा या टायग्रिसकाठच्या गावाला तुर्कांचा वेढा, उपासमार, शरणागती आणि मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. त्या वाटेवर किती गेले याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

तेव्हा कुणाचे पणजोबा 'लाम'वर, म्हणजे लढाईवर गेले आणि परत आले नाहीत असं घरात सांगत असतील, तर त्यांचं नाव दिल्लीत असेलच असं नाही. जाण्याआधी घरबसल्या शोधा. कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. ज्यांचं नाव इंडिया गेटवर आहे त्यांच्या नोंदीत 'दिल्ली मेमोरियल, इंडिया गेट' असं लिहिलेलं असतं आणि पुढे कमानीच्या कोणत्या बाजूवर नाव आहे त्याचा क्रमांक. तो क्रमांक जवळ असला की तिथे गेल्यावर कुठे बघायचं ते कळतं. नाही तर एवढ्या दगडावर नजर कुठे टाकणार?

---

चाफेकळी

फार उपयोगी धागा. आमच्या ग्रुपवर दर १५ ऑगस्टला एक मेसेज फिरतो की इंडिया गेटवर इतक्या हजार स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत आणि त्यांत अमुक धर्माचे इतके, तमुक धर्माचे इतके. त्यात खरं काही आहे का?

---

माणदेशी

काहीही नाही, चाफेकळी. साधा विचार करा. इंग्रज सरकारनं १९३१ मध्ये स्वतःच्या राजधानीच्या मध्यभागी आपल्याच विरुद्ध लढणाऱ्यांची नावं कशाला कोरली असती? नावं फौजेतल्या लोकांची आहेत आणि ती पलटणीनुसार लावली आहेत. आधी रेजिमेंटचं नाव, मग हुद्दा, मग माणसं. धर्मानुसार यादी कमानीवर कुठेच नाही. तो मेसेज कुणीही पाठवला तरी तिथल्या तिथे थांबवा. स्वातंत्र्यसैनिकांचा मान खोट्या आकड्यानं वाढत नाही आणि या शिपायांचं मरण मात्र त्यात पुसलं जातं.

---

कोरडवाहू

माहिती चांगली आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. हे लोक इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले. पंचम जॉर्जचा पुतळा त्याच चौकात होता. मग आज आपण तिथे जाऊन नमस्कार कशाला करायचा? राष्ट्रीय समर स्मारक शेजारीच आहे, तिथे जावं.

---

जुनीपेठ

कोरडवाहू, प्रश्न रास्त आहे. माझं मत सविस्तर मांडतो.

शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये पगार होता. पाऊस न झालेल्या गावात, सावकाराचं कर्ज डोक्यावर असलेल्या घरात धाकट्या भावासाठी ती रोकड केवढी होती याची कल्पना करा. साम्राज्य वगैरे त्याच्या डोक्यात किती असेल? काही घराण्यांत पलटणीत जाणं हीच रीत होती. आणि फौजेची दारं ज्यांना बंद केली होती त्यांच्यासाठी भरती म्हणजे माणूस म्हणून नोंद होण्याची संधी होती. महारांची फौजभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडूनही टाकली. त्या काळात सही करून किंवा अंगठा देऊन गेलेल्या माणसाला 'इंग्रजांचा चाकर' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

राजकारणही सरळ नव्हतं. गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फौजभरतीसाठी गावोगाव फिरले. टिळकही भरतीच्या विरोधात नव्हते, पण बदल्यात हक्क मागत होते. युद्धात मदत केली की स्वराज्याकडे पाऊल पडेल अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात मार्च १९१९ ला रौलट कायदा आला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. आणि लगेच मे महिन्यात तिसरं अफगाण युद्ध सुरू झालं. म्हणजे इंडिया गेटवर ज्यांची नावं आहेत त्यांतले कित्येक जण अमृतसरच्या गोळीबारानंतर काही आठवड्यांत त्याच सरकारच्या हुकमानं खैबरकडे गेले आणि तिकडेच राहिले. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवून ती कमान बघावी असं मला वाटतं. नमस्कार कमानीला किंवा राजाला नाही, त्या नावांना आहे.

राजाचा पुतळा १९६८ मध्ये हलवला, आता तो कोरोनेशन पार्कमध्ये आहे. त्यावरची छत्री, म्हणजे दगडी मंडप, नंतर अर्धं शतक रिकामी होती. ८ सप्टेंबर २०२२ ला तिथे नेताजींचा काळ्या ग्रॅनाइटचा २८ फुटी पुतळा बसला, शिल्पकार म्हैसूरचे अरुण योगीराज. त्याच दिवसापासून राजपथाचं नाव कर्तव्यपथ झालं.

---

कोरडवाहू

जुनीपेठ, जालियनवाला आणि अफगाण युद्ध इतकं लागून होतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद. ११ रुपयांचा मुद्दाही पटला. तरी इंग्रजांनी हे स्मारक बांधलं ते आपल्या लोकांच्या प्रेमापोटी, असं मी म्हणणार नाही.

---

जुनीपेठ

मीही म्हणणार नाही, आणि त्याला पुरावा आहे. माणदेशींनी बसऱ्याचा उल्लेख केला पण एक गोष्ट राहिली. कमिशनचं तत्त्व होतं की हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येकाचं नाव लिहायचं. फ्रान्समध्ये ते पाळलं, नव्ह-शापेलला भारतीयांची नावं कोरलेली आहेत. बसऱ्याला मात्र ब्रिटिश सैनिकांची नावं दगडावर आली आणि साध्या भारतीय शिपायांचे पलटणीप्रमाणे फक्त आकडे आले. नावं राहिली नोंदवहीत. पूर्व आफ्रिकेतही असंच घडलं. २०२१ मध्ये कमिशननंच समिती नेमून याचा अहवाल काढला आणि जाहीर माफी मागितली.

म्हणजे कूतला मेलेल्या एखाद्या सातारकर शिपायाचं नाव दिल्लीत नाही, कारण तो इराकमध्ये गेला, आणि इराकमध्ये दगडावर नाही, कारण तो साधा शिपाई होता. शंभर वर्षं त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही.

---

पळसफूल

वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी आजीच्या पेटीत एक गोल जड चकती आहे, साधारण पोळपाटापेक्षा लहान, पितळेसारख्या रंगाची. त्यावर एक बाई हातात चक्र घेऊन उभी आहे, पुढे सिंह आहे आणि कडेला इंग्रजीत काही लिहिलंय. आजी तिला 'सरकारी ताट' म्हणायची आणि ती तिच्या सासऱ्यांच्या भावाची आहे एवढंच सांगायची. त्याचा या सगळ्याशी संबंध असेल का?

---

माणदेशी

पळसफूल, संबंध नक्की आहे. ती पेटी आजच उघडा!

ती ब्राँझची स्मृती-चकती आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं ती पाठवली. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. तिच्या हातात पर्णचक्र असतं. आत एका चौकटीत मृत माणसाचं नाव उठावात असतं, हुद्दा मुद्दाम वगळलेला. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार. तुमच्या चकतीवरच्या चौकटीतलं नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवून घ्या. कमिशनच्या नोंदीतही बहुधा तसंच स्पेलिंग सापडेल.

सोबत पदकं असतील तर त्यांची कड भिंगाखाली बघा. त्या काळच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चकतीवर पलटण नसते, त्यामुळे पदक मिळालं तर अर्धं काम झालं.

आणि एक विनंती. घासूनपुसून चकचकीत करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. अक्षरं झिजली की परत येत नाहीत. मऊ कापडानं धूळ पुसा, बस.

---

पळसफूल

पदक एकच आहे, रिबन पार विरलीय. कडेवर अक्षरं दिसतायत, क्रमांक वाचता येतोय आणि पुढे मराठा शब्दासारखं काहीतरी. नाव चकतीवर स्पष्ट आहे. पण संकेतस्थळावर ते टाकलं तर त्याच नावाचे इतके जण येतात की आमचे कोणते कळेना. आडनाव तर नोंदीत कुठेच नाही.

---

माणदेशी

हे सगळ्यांनाच होतं. काही गोष्टी सांगतो, त्या करून बघा.

तेव्हाच्या नोंदीत आडनाव नसणं नेहमीचं होतं. कारकुनानं पहिलं नाव आणि आडनाव लिहिलं, किंवा पहिलं नाव आणि बापाचं नाव लिहिलं, किंवा नुसतं पहिलं नाव. म्हणून एकट्या नावावर भिस्त ठेवू नका. पदकावरचा क्रमांक टाकून शोधा, तो सगळ्यात भरवशाचा. पलटण शोधताना मराठाचं जुनं स्पेलिंग वापरा, एम नंतर ए, मग एच, मग आर. आजचं टाकलंत तर काही सापडणार नाही. 'शिंदे'मधला 'श' कधी एसनं, कधी एसएचनं. 'राव', 'जी' ही शेपटं कधी जोडलेली, कधी गाळलेली.

नोंद उघडली की खाली 'अमुकचा मुलगा, गाव अमुक, तालुका, जिल्हा' अशी ओळ पुष्कळदा असते. गावांची नावं इंग्रजीत अशी मोडलेली असतात की मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाहीत. खरंच मोठ्यानं वाचा.

आणि गावात असाल तर शाळेची किंवा चावडीची भिंत बघून या. आपल्याकडे बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी आहे, 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा अर्थाची. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर फौजी गाव म्हणूनच ओळखलं जातं. काही ठिकाणी ती पाटी चुन्याखाली गेली आहे, कुठे तिच्यावर सूचनाफलक ठोकलाय. पाटीवर नाव नसतं, पण आकडा असतो, आणि तो घरातल्या आठवणीशी जुळवून बघता येतो.

---

रानजाई

धाग्याच्या प्रत्यक्ष भेटीच्या बाजूबद्दल विचारू का? मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून जायचं म्हणतोय. सोबत सासूबाई आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. मेट्रोनं जावं का? आणि कमानीच्या खाली जाऊन नावं वाचता येतात का?

---

निळासावळा

रानजाई, मी नोकरीनिमित्त दिल्लीत राहतो, म्हणून सांगतो.

मे महिन्यात दुपारी अजिबात नाही. सगळा परिसर मोकळा आहे, कमानीजवळ सावली जवळजवळ नाही आणि दगड तापलेला असतो. सकाळी लवकर या किंवा सूर्य कलल्यावर. शक्य असेल तर सहल ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चला ढकला. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि धूर असला की समोरची कमानही पुसट दिसते. शिवाय जानेवारीच्या उत्तरार्धात संचलनाच्या तालमींमुळे रस्ते बंद असतात.

मेट्रोचं सेंट्रल सेक्रेटरिएट स्थानक जवळचं म्हणतात, पण तिथून कर्तव्यपथानं सुमारे दोन किलोमीटर चालावं लागतं. तुम्हाला चालायला आवडत असेल तर ती वाट सुंदर आहे, दोन्ही बाजूंना हिरवळ आणि पाण्याचे कालवे. सासूबाईंना मात्र रिक्षानं थेट कमानीभोवतीच्या षट्कोनी रस्त्यापर्यंत आणा. तिथून पुढे जमीन सपाट आहे. तिकीट नाही, रात्रीही जाता येतं. रविवारी संध्याकाळी इतकी गर्दी असते की नावं वाचणं विसराच.

कमानीच्या अगदी खाली जाऊ देत नाहीत, अंतर राखून बघावं लागतं. खालच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी जरा कळतात, वरच्यांसाठी दुर्बीण किंवा चांगला झूम असलेला कॅमेरा लागतो. एक युक्ती सांगतो. कोरलेली अक्षरं तिरप्या उन्हात उठून दिसतात. छत्री पूर्वेला आणि राष्ट्रपती भवन पश्चिमेला आहे. म्हणजे छत्रीकडची बाजू सकाळी वाचायची आणि राष्ट्रपती भवनाकडची दुपारनंतर. भर माथ्यावरच्या उन्हात दगड सगळा सपाट पिवळा दिसतो. रात्रीचे दिवे फोटोसाठी छान, वाचायला निरुपयोगी.

---

चाफेकळी

अमर जवान ज्योत आता तिथे नाही ना? मुलांना दाखवायची होती.

---

निळासावळा

नाही. १९७१ च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ ला इंदिरा गांधींनी ती कमानीखाली सुरू केली होती. काळ्या संगमरवराचा चौथरा, त्यावर उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर हेल्मेट. पन्नास वर्षं ती तिथे होती. २१ जानेवारी २०२२ ला ती राष्ट्रीय समर स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली. ती रायफल आणि हेल्मेटही आता समर स्मारकातच आहे.

समर स्मारक छत्रीच्या मागच्या बाजूला, चालत जाण्याइतकं जवळ. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर, वीरता, त्याग आणि रक्षक चक्र. त्यांतल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या २५ हजारांहून अधिक जणांची नावं आहेत, आणि ही नावं हाताला लागतील इतकी जवळ आहेत. परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे वेगळे आहेत. त्यांत कारवारचे मेजर राम राघोबा राणे आहेत, बाँबे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या रेजिमेंटचे. पुण्याजवळच्या खडकीच्या लोकांना हे नाव माहीत असेलच. संध्याकाळी एखाद्या शहिदाच्या घरच्या माणसांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. तो कार्यक्रम चुकवू नका. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी बघून घ्या.

मुलांना दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत दाखवा, पण आधी कमान आणि मग समर स्मारक. १९१४ ते १९२१ ची नावं एकीकडे, १९४७ नंतरची दुसरीकडे, असा क्रम त्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मुलीनं तिथे विचारलं होतं की मधल्या युद्धातले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले कुठे आहेत? चांगला प्रश्न होता. त्यांच्यासाठी दिल्ली कँटोन्मेंटच्या युद्ध दफनभूमीत वेगळं स्मारक आहे.

---

कोरडवाहू

ज्योत हलवायला नको होती असं मला वाटतं. आमच्या पिढीसाठी इंडिया गेट म्हणजे ती ज्योतच होती.

---

माणदेशी

हळहळ समजू शकतो, लहानपणी टीव्हीवर २६ जानेवारीला पहिलं दर्शन तिचंच व्हायचं. पण १९७१ च्या शहिदांची नावं कमानीवर एकही नव्हती. आता त्यांची ज्योत आणि त्यांची नावं एका ठिकाणी आहेत. मला ते योग्य वाटतं. वाईट एवढंच वाटतं की ज्योत गेल्यापासून कमानीवरचे ते तेरा हजार आणखी विस्मरणात गेले. पूर्वी निदान ज्योतीसमोर थांबताना लोक वर बघायचे.

---

पळसफूल

माणदेशी, सापडले! पदकावरचा क्रमांक टाकल्याबरोबर एकच नोंद आली. ११४ वी मराठा पलटण, शिपाई, वडिलांचं नाव, गावाचं नाव मोडकंतोडकं पण आमचंच. मृत्यू ऑक्टोबर १९१८ च्या शेवटचा, आणि स्मारक बसरा. म्हणजे दिल्लीला नाव नाही. आजी असती तर तिला सांगितलं असतं. वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते.

---

माणदेशी

पळसफूल, वाचून फार बरं वाटलं. आणि ११४ वी मराठा, ऑक्टोबर १९१८ अखेर म्हणजे बहुधा शर्कतची लढाई, टायग्रिस नदीवर मोसुलच्या दक्षिणेला. मेसोपोटेमियातली शेवटची मोठी लढाई. ३० ऑक्टोबरला तुर्की फौज शरण आली आणि त्याच दिवशी तुर्कस्तानशी युद्धबंदीचा करार झाला. ११४ व्या पलटणीनं तिथे केलेल्या पराक्रमासाठी तिला जी शौर्यपदकं मिळाली त्यांची संख्या मराठा रेजिमेंटमध्ये आजही अभिमानानं सांगतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा. क्रमांक, नाव, पलटण आणि तारीख चारही लिहा, चकतीचा आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा.

दिल्लीला मात्र वडिलांना घेऊन जरूर जा. त्यांचं नाव दगडावर नसलं तरी 'मेसोपोटेमिया' हा शब्द कमानीच्या लेखात आहे, आणि तो तुमच्या घरच्या माणसासाठीच लिहिलेला आहे. वडिलांना तो शब्द दाखवा.

---

दर्यावर्दी

सगळा धागा एका दमात वाचला. आमचं गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठी. आमच्याकडे फौजेत कोणी नव्हतं, पण पणजीचा भाऊ आगबोटीवर खलाशी होता आणि 'जर्मनच्या लढाईत' बोट बुडून गेला असं सांगतात. अशा लोकांची नोंद कुठे असते? ते शिपाई नव्हते, म्हणजे इंडिया गेटशी संबंध नसणार.

---

जुनीपेठ

दर्यावर्दी, त्यांच्यासाठी मुंबईत स्मारक आहे. आपल्याच शहरात असून बहुतेकांना माहीत नाही याची खंत वाटते. मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे, तिथे 'बाँबे मेमोरियल १९१४-१९१८'. समुद्रातच गेलेल्या, दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची आठवण तिथे जपली आहे. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवर इंजिनात कोळसा ओढणारे, डेकवर राबणारे कोकणी, गुजराती, बंगाली, सिल्हेटी असे कितीतरी होते.

त्याच संकेतस्थळावर शोधा. व्यापारी जहाजांवरच्यांच्या नोंदी वेगळ्या असतात, तिथे पलटणीच्या जागी जहाजाचं नाव येतं. घरात जहाजाचं नाव कुणाला आठवत असेल तर आधी ते विचारून घ्या. नाव अर्धवट असलं तरी चालेल.

---

दर्यावर्दी

जहाजाचं नाव मोठ्या आत्याला माहीत असण्याची शक्यता आहे, ती नव्वदीला आलीय पण स्मरण पक्कं आहे. रविवारी तिच्याकडे जातो आणि इथेच लिहितो. सेलर्स होममध्ये आत जाऊन बघायला परवानगी लागते का, ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

---

निळासावळा

ती संस्थेची वापरातली इमारत आहे, पर्यटनस्थळ नाही. त्यामुळे आधी फोन करून, कोण आणि कशासाठी येताय ते सांगून जा. आत्यांना जमणार असेल तर त्यांनाही न्या.